चुलीपाशी घेतलेली मीटिंग

आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर ताटांच्या आधी पत्रकं यायची. बाबा केंद्र सरकारच्या एका खात्यात नोकरीला आणि तिथल्या कर्मचारी संघटनेत पुढे. आई सरकारी इस्पितळात नर्स. पत्रकं काही हिंदी, काही महाराष्ट्रातून पोस्टाने आलेली मराठी. सातव्या-आठव्या वर्षी मी त्यांच्या घड्या घालायला शिकले. आधी आडवी, मग उभी, मथळा बाहेरच्या बाजूला. दिल्लीत वाढल्यामुळे माझं मराठी तसं तोकडंच. जाई कुठली आणि जुई कुठली, हे मला आजही सांगता येत नाही. पण 'निषेध', 'वेठबिगारी', 'उतरंड' हे शब्द मला फार लवकर पाठ झाले.

बारावीत मी स्वतःचं पहिलं पत्रक लिहिलं. विषय होता इस्पितळातली उतरंड. त्यात आईचाच अनुभव होता: पेशंटची तब्येत बिघडतेय असं तिने एका सर्जनला दोनदा सांगितलं आणि तो 'सिस्टर, तुम्ही तुमचं काम करा' म्हणून निघून गेला. आईने डबा भरता भरता ते वाचलं.

"छान लिहिलंयस. पण वाचणार कोण? ज्याने ऐकलं नाही, तो वाचेल होय?"

मी तिच्या हातून कागद काढून घेतला. पत्रक मात्र वाटलं.

डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला असताना कॉलेजने एक नवा उपक्रम जाहीर केला. डॉक्टरकी, नर्सिंग आणि फिजिओथेरपी शिकणाऱ्या एकेका विद्यार्थ्याचा गट करायचा, आणि त्या तिघांना सहा आठवडे एका खेड्यात राहायला पाठवायचं. घरं वाटून घ्यायची नाहीत. एकाच घरी तिघांनी मिळून काम करायचं. पुढे इस्पितळात जाऊन एकमेकांना न विचारता कामं करण्याआधी आता एकत्र काम करायला शिका, असा त्यामागचा विचार. मला वाटलं, हे माझं पत्रकच कुणीतरी अंमलात आणतंय. सगळ्यांत आधी नाव मी दिलं.

"बिल्कुल जा," आई म्हणाली. "पण तिथे नर्स काय बोलते ते ऐक."

"आई, हे तू मला सांगतेस?"

"तुलाच सांगतेय."

गाव पानिपतच्या अलीकडे, जीटी रोड सोडून आत. दर जानेवारीत बाबा आम्हाला पानिपतच्या युद्धस्मारकाला, काला अंबला, न्यायचे, त्यामुळे हा रस्ता ओळखीचा होता; पण बसच्या खिडकीतून मी ती शेतं नेहमी रणांगण म्हणूनच पाहिली होती. तिथे माणसं राहतात, त्यांना रक्तदाब असतो, त्यांच्या म्हशी असतात, हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

नर्सिंगची मुलगी रोहतककडची. कमी बोलायची, भरभर चालायची. तिथली बोली तिची घरचीच होती. फिजिओथेरपीचा मुलगा पूर्व दिल्लीतला, यमुनापारचा. त्याला कुठल्याही वाक्यात 'यार' बसवता यायचं. आमचा मुक्काम आरोग्य उपकेंद्राच्या मागच्या दोन खोल्यांत होता. पहिल्याच दुपारी मी एक चार्ट पेपर भिंतीला लावला आणि जाड पेनने हिंदीत लिहिलं, 'इथे कुणी मोठं नाही, कुणी लहान नाही. प्रत्येकाच्या बोलण्याला सारखी किंमत.' खाली कामांच्या पाळ्या.

"और चाय कौन बनाएगा, कॉमरेड?" फिजिओवाल्याने विचारलं.

"पाळीपाळीने. लिहिलंय खाली."

"लिहिलंय तर खरं."

नर्सिंगवाली हसली, उठली आणि चहा ठेवायला गेली. तिची पाळी नव्हती. ती मला 'मॅम' म्हणायची. मी सांगितलं, मॅम म्हणू नकोस. मग ती 'जी' म्हणायला लागली. मला ते पुरेसं वाटलं.

ज्या घरी आम्ही सर्वांत जास्त गेलो, त्या घरातल्या बाईंना सगळं गाव ताई म्हणायचं. तिथे ताई म्हणजे मोठी काकू. वय साठीच्या आसपास. आदल्या दिवाळीच्या सुमारास अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. उजवा हात आणि उजवा पाय अजून अर्धेमुर्धेच चालत होते. मी महाराष्ट्रातली, म्हणजे आईवडिलांकडून, असं कळल्यावर त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"थारे आळे तो उरै हारण आए थे. तू के करण आई सै?"

तुमची माणसं तर इथे हरायला आली होती, तू काय करायला आलीस? फिजिओवाला इतका हसला की खाटेवरून घसरला. मी म्हटलं, "तुमचं बीपी बघायला." त्या म्हणाल्या, "माझं नको बघूस. हिचं दूध बघ."

ही म्हणजे म्हैस. काळीभोर, शिंगं वळलेली, एका बाजूने आमच्याकडे संशयाने बघणारी. अकरा वर्षं ताईंच्या हातची. ताईंशिवाय कुणी आचळाला हात लावला की ती पान्हा चोरायची, वर लाथ मारायची. ताईंना झटका आल्यापासून सुनेच्या हाती निम्मंच दूध येत होतं, आणि सुनेच्या नडगीवर दोन वळ होते. ताईंचा मुलगा पानिपतला एका ब्लँकेटच्या कारखान्यात जायचा. तो वाईट माणूस नव्हता, दमलेला होता. पहिल्या दिवशीच त्याने आम्हाला स्वच्छ सांगितलं, "तुम्ही सहा आठवडे आहात. तेवढ्यात आई स्वतः धार काढायला बसली तर म्हैस राहील. नाहीतर व्यापाऱ्याला बोलावतो. बायकोच्याने किती होणार?"

ताई तेव्हा म्हशीकडे बघत होत्या. तो गेल्यावर म्हणाल्या, "ही गेली की मी सकाळी उठू कशाला?"

आमच्या सगळ्या वह्यांमध्ये ध्येयाचा रकाना होता. त्यात तिघांनी तीन गोष्टी लिहिल्या. मी लिहिलं, रक्तदाब आटोक्यात. फिजिओवाल्याने लिहिलं, हाताची पकड. नर्सिंगवालीने लिहिलं, 'म्हैस'. मला ते गमतीशीर वाटलं होतं.

कामं ठरली. फिजिओवाला सकाळी सातला अंगणात व्यायाम घ्यायचा. नर्सिंगवाली संध्याकाळी रक्तदाब मोजायची आणि सुनेबरोबर चुलीपाशी बसायची. मी गोळ्या बघायची, आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांशी बोलायची आणि दर बुधवारी मीटिंग घ्यायची. मीटिंग बैठकीत व्हायची, म्हणजे घराच्या पुढच्या, पुरुषांच्या खोलीत, कारण पंखा तिथेच होता. ताईंचे यजमान कोपऱ्यात हुक्का घेऊन बसलेले असत. सून सासऱ्यांसमोर पदर पुढे ओढायची आणि त्या खोलीत पाऊल टाकायची नाही. चहाचे पेले उंबऱ्यावर ठेवून मागे फिरायची. त्या पदरावर मी वहीत दोन पानं जळजळीत लिहिली होती. मीटिंगची जागा बदलावी, हे मात्र मला सुचलं नाही.

दुसऱ्या बुधवारी रक्तदाबाचे आकडे चढेच होते. ताईंना दोन गोळ्या होत्या. त्यातली सकाळची गोळी लघवी वाढवून रक्तदाब उतरवणारी. नर्सिंगवाली म्हणाली, "बहू सांगत होती की सकाळची गोळी ताई..."

"घेत नाहीत ना," मी म्हटलं. "मला वाटलंच. गोळीचं महत्त्व पटलेलं नाही. आपण समजावण्यात कमी पडतोय."

"नाही जी, ते असं आहे की..."

"मी एक पत्रक करते. चित्रांसह. साधी भाषा."

तिने आपली वही मिटली. मी मीटिंगच्या वहीत लिहिलं: रुग्णास गोळीचे महत्त्व समजावणे. आणि पत्रक केलं. खरंच चांगलं केलं. हृदय, रक्तवाहिनी, उगवता सूर्य आणि सूर्याशेजारी गोळी. त्यावर ओळ होती, 'औषध हा तुमचा हक्क आहे.' ते ताईंच्या खाटेवरच्या भिंतीला लावलं. चार दिवसांनी ते भिंतीवर नव्हतं. खाटेचा एक पाय आखूड होता. त्याखाली ते व्यवस्थित घडी करून सरकवलेलं होतं. आधी आडवी, मग उभी. मथळा बाहेरच्या बाजूला.

आकडे उतरेनात. मी आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना सांगितलं की गोळ्या नियमित चालू आहेत तरी फरक नाही. पत्रक लावलं म्हणजे गोळी घेतली, असं मी कधी धरून चालले, ते मलाही कळलं नाही. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवून सकाळची गोळी दुप्पट केली. वर मी ताईंच्या मुलाला म्हटलं, "तुम्ही स्वतःच्या हाताने द्या, आणि गिळेपर्यंत समोर उभे राहा." तो कामसू माणूस. रोज साडेसहाला उभा राहू लागला.

आठवड्याच्या आत ताई पडल्या. मे महिन्याची सकाळ होती, व्यायाम झाला होता. त्या म्हशीपाशी उकिडव्या बसल्या, आचळाला हात लावला, आणि उठताना डोळ्यांपुढे अंधारी येऊन गोठ्याच्या फरशीवर कोसळल्या. हाड मोडलं नाही. कपाळावर टेंगूळ, कोपर सोललेलं. आम्ही पोचलो तेव्हा सून त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि मुलगा कारखान्याचा डबा हातात धरून तसाच उभा होता.

"झालं," तो म्हणाला. "आता मला काही सांगू नका. व्यापारी रविवारी येईल."

ताईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

नर्सिंगवालीने त्यांचा रक्तदाब आधी आडवं ठेवून मोजला, मग बसवून. बसवल्यावर आकडा धाडकन खाली आला. तिने तो मला दाखवला. उपकेंद्रावर परत आलो, आणि दार लागल्यावर ती बोलली.

"तू ऐक आता."

ती मला पहिल्यांदाच तू म्हणाली होती.

"ताई सकाळची गोळी घेत नव्हत्या. सातला हा व्यायामाला येतो. गोळी घेतली की अर्ध्या तासात त्यांना जावं लागतं, दोनदा, तीनदा. संडास कुठाय? पुढच्या फाटकाशी, बैठकीच्या समोरून. पाय ओढत तिथवर पोचेपर्यंत कपडे ओले होतात. परक्या मुलासमोर, सासरच्या माणसांसमोर. म्हणून त्या गोळी म्हशीच्या आंबोणात टाकायच्या. मुलगा समोर उभा राहायला लागला तेव्हा गिळायला लागल्या, आणि पाणी प्यायचं सोडलं. ह्या उन्हात. दुप्पट गोळी, पाणी नाही. पडणार नाहीत तर काय होईल?"

"तू हे बोलली का नाहीस?"

"दुसऱ्या बुधवारी बोलत होते. तू पत्रक करायला घेतलंस."

फिजिओवाला खिडकीकडे बघत म्हणाला, "यार, मला तर कुणी विचारलंही नाही की सातच का. माझं काय, मी नऊलाही गेलो असतो." मग थोड्या वेळाने, "गोळीचा टाइम मला माहीतच नव्हता. तुझ्या वहीत होता ना तो."

मी मीटिंगची वही काढली. तिचं वाक्य तिथे नव्हतं. माझं होतं. भिंतीवर चार्ट पेपर अजून तसाच होता, प्रत्येकाच्या बोलण्याला सारखी किंमत. मला तो फाडावासा वाटला. पण तेही पुन्हा माझंच भाषण झालं असतं.

दुपारी मी आईला फोन केला. सगळं सांगितलं.

"त्या सर्जनलाही वाईट वाटलं होतं नंतर," ती म्हणाली. "मला सॉरी म्हणाला. मी म्हटलं, मला नको म्हणू, पेशंटच्या माणसांना सांग. ते काही त्याच्याने झालं नाही."

"मग मी काय करू?"

"मला काय विचारतेस? तिला विचार ना. तुझ्या शेजारीच बसलीय."

मी विचारलं. नर्सिंगवालीने आधी चहा पुढे केला. मग म्हणाली, "आज संध्याकाळी मीटिंग चुलीपाशी. बैठकीत नाही. तू लिहायचं नाहीस, हा लिहील. बोलायचं मी बघते."

चूल मागच्या अंगणात, गोठ्याला लागून. आम्ही तिघं आणि ताई; सून भाकरी थापत होती. सासरे पुढे बैठकीत, त्यामुळे तिचा पदर खांद्यावर होता. सहा आठवडे होत आले तरी मी तिचा चेहरा नीट पाहिला नव्हता. नर्सिंगवालीने तिला एकच प्रश्न विचारला: "तुझ्या हातात असतं तर तू काय केलं असतंस?"

सून तव्याकडे बघतच बोलायला लागली, आणि मग थांबेचना. गोळी सकाळी नकोच. घरातले पुरुष नऊपर्यंत बाहेर जातात, त्यानंतर द्या. गोठ्याच्या कोपऱ्यात जुन्या चादरीचा पडदा लावू, आत भांडं ठेवू, फाटकापर्यंत जायलाच नको. आणि उकिडवं कशाला बसायचं? भिंतीशी पिढं ठेवा, ताईंना त्यावर बसवा. "धार मी काढीन. आईंनी नुसता हात तिच्या अंगावर ठेवावा आणि बोलत राहावं. तिला आवाज लागतो, हात कुणाचा का असेना. मी केव्हापासून म्हणतेय."

"कुणाला म्हणत होतीस?" फिजिओवाल्याने विचारलं.

"म्हशीला," ती म्हणाली. ताई हसल्या. पडल्यानंतर पहिल्यांदाच.

फिजिओवाल्याने पिढ्याची उंची वितीने मोजली, कुठला पाय पुढे ठेवायचा ते सुनेला दाखवलं, आणि तिने तसं ताईंना बसवलं. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघंही आरोग्य केंद्रात गेलो. डॉक्टरांना मी सांगितलं की मी दिलेली माहिती चुकीची होती. गोळी पुन्हा अर्ध्यावर आली. पाणी किती प्यायचं आणि कधी, हे नर्सिंगवालीने सुनेशी बोलून ठरवलं.

एक गोष्ट राहिली होती. मुलाच्या मते आई पडली ती अशक्त म्हणून, म्हणजे तिच्याने म्हशीचं होणार नाही म्हणून. शनिवारी नर्सिंगवाली म्हणाली, "हे त्याला तूच सांगायला हवं. मी सांगितलं तर तो म्हणेल, डॉक्टर काय म्हणते ते बोल."

"म्हणजे पुन्हा उतरंडच."

"असेल. पण आहे तोवर कामाला तरी येऊ दे."

चूक कॉलेजच्या अहवालात जाणार होती, माझ्या नावापुढे. त्याची मला भीती होती, खोटं कशाला सांगू. पण त्याहून जास्त भीती त्या माणसाच्या चेहऱ्याची होती.

रविवारी व्यापारी आला. म्हशीभोवती दोन चकरा मारल्या, दात बघितले. मुलगा खांबाला टेकून उभा होता. मी त्याच्यापुढे गेले आणि हिंदीत, जमेल तितकं सरळ, सांगितलं. तुमची आई अशक्तपणामुळे पडली नाही. माझ्या चुकीमुळे पडली. मी न विचारता गोळी वाढवायला लावली आणि तुम्हाला समोर उभं केलं. तुम्ही मी सांगितलं तसंच केलंत. तुमची काहीच चूक नाही.

चिडेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, "मी रोज उभा राहायचो. ती माझ्याकडे बघायची. मला वाटायचं, औषध कडू असेल."

मग तो गोठ्याकडे वळला. ताई पिढ्यावर बसल्या होत्या, डावा हात म्हशीच्या पोटावर, उजवा तिच्या मांडीवर कसाबसा टेकवलेला, आणि तिला कुठल्याशा जुन्या नात्यातल्या लग्नाची हकिकत सांगत होत्या, कोण रुसलं, कोण जेवलं नाही. सून खाली धार काढत होती. व्यापारी परका, म्हणून तिने पदर पुढे ओढला होता. म्हशीने एकदा शेपूट मारलं, तेवढंच. बादलीत दूध वाजू लागलं. बादली भरली असं मी म्हणणार नाही. पण निम्म्याच्या पुष्कळ वर आली.

"देनी सै के नहीं?" व्यापाऱ्याने विचारलं. द्यायची की नाही?

मुलाने उत्तर द्यायच्या आत पदराआडून सून म्हणाली, "ना."

ती त्या अंगणात परक्या पुरुषासमोर बोलली, याचं सगळ्यांत जास्त आश्चर्य तिलाच वाटलं असावं, कारण धार क्षणभर थांबली. मुलगा तिच्याकडे बघत राहिला. मग व्यापाऱ्याला म्हणाला, "चहा घेऊन जा." एवढंच. व्यापारी चहा पिऊन शेजारच्या गल्लीत गेला.

दोन दिवसांनी आम्ही निघालो. अहवाल तिघांनी मिळून लिहिला. माझी चूक त्यात आहे, आणि दुसऱ्या बुधवारचं तिचं वाक्यही आहे, यावेळी पूर्ण. ते कॉलेजात कुणी किती वाचलं, मला ठाऊक नाही.

आता मी दिल्लीत, मुनिरकात एका खोलीत राहते. नर्सिंगवाली दोन गल्ल्या सोडून. थंडीच्या सुरुवातीला आम्ही खालच्या टपरीवर चहा पीत होतो, तेव्हा तिचा फोन वाजला. ती पाचेक मिनिटं तिच्या बोलीत हसत बोलली. ठेवल्यावर म्हणाली, "म्हैस आहे. ताई आता डाव्या हाताने थोडी धार काढतात. तुझ्या मराठ्यांची आठवण काढत होत्या."

"बहूचा फोन?"

"हो. दर पंधरा दिवसांनी करते."

मी माझा फोन उघडून बहूचा नंबर शोधला, आणि मग लक्षात आलं की तो माझ्याकडे नाहीच. मी सहा आठवड्यांत तो कधी मागितलाच नव्हता.

"देऊ?" तिने विचारलं.

"आधी तिला विचार," मी म्हटलं.